विश्लेषण : वर जाणाऱ्या चेंडूवर कोणते बल असते? गतीच्या साध्या संकल्पनांत हुशार विद्यार्थीही का गोंधळतात?

क्रिकेटचा चेंडू सरळ वर फेकला. तो हातातून सुटला आहे आणि अजून वर चढतो आहे. हवेचा रोध सोडून दिला, तर या क्षणी चेंडूवर कोणकोणती बले कार्य करत आहेत? या प्रश्नाला वर्गात बहुतेकदा दोन बलांचे उत्तर मिळते : हाताने दिलेले वरच्या दिशेचे बल आणि गुरुत्वाकर्षणाचे खालच्या दिशेचे बल. वरचे बल हळूहळू संपते, मग गुरुत्वाकर्षण जिंकते आणि चेंडू खाली येतो, असे स्पष्टीकरणही सोबत येते. प्रत्यक्षात बल एकच असते, गुरुत्वाकर्षणाचे. गंमत म्हणजे 'चेंडू किती उंच जाईल' हे गणित हीच मुले सूत्र वापरून अचूक सोडवतात. गणित बरोबर आणि संकल्पना चूक, असे का होते? आणि ती दुरुस्त कशी करता येते?

चूक नेमकी कुठे होते?

चेंडू हातात असेपर्यंतच हात त्याला ढकलत असतो. हात सुटला की हाताचे बलही संपले. पण तोवर चेंडूला वेग मिळालेला असतो आणि तो वेग घेऊनच चेंडू वर जातो. गुरुत्वाकर्षण तो वेग दर सेकंदाला कमी करत राहते.

कॅरमच्या पाटावर हे अधिक स्पष्ट दिसते. बोटाने स्ट्रायकर मारला. तो पाटावर सरकत असताना त्याला पुढे ढकलणारे काहीही नसते. खाली ओढणारे गुरुत्वाकर्षण, वर तोलून धरणारा पाटाचा आधार आणि मागच्या दिशेने रोखणारे घर्षण, एवढीच बले त्याच्यावर असतात. पाटावर बोरिक पावडर टाकली की तोच स्ट्रायकर अधिक लांब जातो. पावडर त्याला ढकलत नाही, ती फक्त घर्षण कमी करते. घर्षण अजिबात नसते तर स्ट्रायकर थांबलाच नसता.

विद्यार्थ्यांच्या मनात मात्र उलटे समीकरण असते : गती आहे म्हणजे त्या दिशेने बल असलेच पाहिजे. हे समीकरण कोणी शिकवलेले नसते. हातगाडी ढकलणे थांबवले की ती थांबते, सायकलचे पॅडल मारणे सोडले की ती मंदावते. लहानपणापासूनचा हा अनुभव खरा आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकतो. हातगाडी एकसमान वेगाने ढकलताना हाताचे बल आणि घर्षण एकमेकांना तोलून धरतात, त्यामुळे निव्वळ बल शून्य असते. घर्षण डोळ्यांना दिसत नाही, आपण लावलेला जोर मात्र जाणवतो. म्हणून गतीचे सगळे श्रेय जोराला मिळते.

ही चूक फक्त आजच्या मुलांची आहे का?

अजिबात नाही. गतीसाठी सतत कोणीतरी ढकलणारे हवे, असे ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटल मानत असे. मग धनुष्यातून सुटलेला बाण पुढे कसा जातो, या प्रश्नावर त्याला हवेचा आधार घ्यावा लागला. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने त्यावर आक्षेप घेतला. चौदाव्या शतकात पॅरिसमधील जाँ ब्युरिदाँ याने 'इम्पिटस' ही कल्पना पुढे नेली. फेकणारा वस्तूमध्ये एक प्रेरणा भरतो आणि तीच वस्तूला पुढे नेते, अशी ती कल्पना होती. 'हाताने दिलेले बल चेंडूत शिल्लक असते' हे आजच्या विद्यार्थ्याचे उत्तर ब्युरिदाँच्या विचाराशी जवळपास जुळते.

गॅलिलिओने उतरणीवरून गोळे सोडून गतीचा अभ्यास केला. त्याचा या विषयावरील ग्रंथ १६३८ मध्ये प्रसिद्ध झाला. अडथळा नसेल तर सपाट पृष्ठभागावरील गोळा चालतच राहील, या विचारापर्यंत तो पोहोचला. न्यूटनने १६८७ मध्ये 'प्रिन्सिपिया'मध्ये गतीचे तीन नियम मांडले. म्हणजे जी समज यायला मानवजातीला सुमारे दोन हजार वर्षे लागली, ती विद्यार्थ्याला काही तासिकांत आत्मसात करायची असते. राज्य मंडळाच्या २०१७ मध्ये आलेल्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'गतीचे नियम' हा पहिलाच धडा आहे. तिथे अडखळणारा विद्यार्थी 'मठ्ठ' नसतो. तो इतिहासातल्या मोठमोठ्या विचारवंतांच्या रांगेत उभा असतो.

संशोधन काय सांगते?

१९८२ मध्ये अमेरिकेतील जॉन क्लेमेंट यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना वर उडवलेल्या नाण्याबद्दल असाच प्रश्न विचारला. बहुतेकांचे उत्तर चुकले. १९८५ मध्ये अॅरिझोना स्टेट विद्यापीठातील इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनिस यांनी दाखवून दिले, की पारंपरिक व्याख्यानांनंतरही गतीविषयीच्या या समजुतींत फारसा फरक पडत नाही. शिक्षक कोण आहे, यानेही निकाल फारसा बदलला नाही.

त्यातूनच १९९२ मध्ये 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' ही बहुपर्यायी चाचणी तयार झाली. हेस्टेनिस यांच्यासोबत माल्कम वेल्स आणि ग्रेग स्वॅकहॅमर हे तिचे कर्ते. तिच्यात एकही आकडेमोड नाही. चुकीचे पर्याय मात्र विद्यार्थ्यांच्या खऱ्याखुऱ्या समजुतींतून उचललेले आहेत, त्यामुळे तर्काने एखादा पर्याय बाद करून उत्तर गाठणे कठीण जाते.

हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक एरिक मॅझूर यांना आपले विद्यार्थी यात सहज पार होतील असे वाटत होते. त्यांनी १९९०च्या सुमारास असेच संकल्पनात्मक प्रश्न वर्गात दिले. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, की उत्तरे तुम्ही शिकवले तशी द्यायची की मी एरवी विचार करते तशी? या एका प्रश्नात सगळे दुखणे आले. परीक्षेपुरते एक भौतिकशास्त्र आणि रोजच्या जगण्यापुरते दुसरे, अशी दोन खाती मुलांच्या डोक्यात शेजारी शेजारी नांदत असतात.

चाल, वेग, गती... शब्दांमुळे गोंधळ वाढतो का?

वाढतो, आणि मराठीत त्याची स्वतःची कारणे आहेत. पुस्तकात 'चाल' म्हणजे एकक काळात कापलेले अंतर आणि 'वेग' म्हणजे एकक काळातील विस्थापन, म्हणजे दिशेसह. बोलताना मात्र गाडीचा 'वेग' ताशी ६० किलोमीटर असतो, दिशेचा पत्ता नसतो. 'गती' म्हणजे पुस्तकात हालचाल, बातमीत मात्र 'कामाला गती मिळते', म्हणजे वेग वाढतो. 'बल', 'जोर', 'ताकद', 'शक्ती' हे शब्द घरात एकाच अर्थाने वापरले जातात. भौतिकशास्त्रात बल वेगळे आणि शक्ती, म्हणजे कार्य करण्याचा दर, वेगळी.

'त्वरण' हा शब्द तर फसवाच. तो 'त्वरा'चा नातलग असल्याने वेग वाढला तरच त्वरण, असे वाटते. ब्रेक लावल्यावर वेग कमी होतो, तेही त्वरणच, फक्त गतीच्या उलट दिशेचे. वळणावर चाल तेवढीच राहून दिशा बदलते, तेव्हाही त्वरण असते. वेगातला कोणताही बदल म्हणजे त्वरण, हे एवढे पक्के झाले तर पुढची बरीच गाडी रुळावर येते.

मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांपुढे अकरावी विज्ञानात आणखी एक पायरी येते. हेच शब्द अचानक स्पीड, व्हेलॉसिटी, अॅक्सिलरेशन होतात. संकल्पना आधीच डळमळीत असेल तर भाषांतर करण्यातच शक्ती जाते आणि 'फिजिक्स आपल्याला झेपत नाही' असा समज पक्का होतो.

विद्यार्थी सर्वाधिक कुठे अडतात?

१. वेग शून्य म्हणजे त्वरणही शून्य?

चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने वर फेकला आणि गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० मीटर प्रति सेकंद वर्ग धरले. एका सेकंदाने वेग १०, दोन सेकंदांनी ०, तीन सेकंदांनी खालच्या दिशेने १० आणि चार सेकंदांनी खालच्या दिशेने २० होतो. दर सेकंदाला बदल तेवढाच, १० चा आणि खालच्याच दिशेने. सर्वांत वरच्या बिंदूवर वेग क्षणभर शून्य असतो, पण त्वरण १० च असते. तिथे त्वरणही शून्य झाले असते, तर चेंडू हवेत तसाच लटकून राहिला असता.

२. सरासरी म्हणजे बेरीज भागिले दोन?

१२० किलोमीटरवरच्या गावी जाताना गाडीची चाल ताशी ६० किलोमीटर आणि परतताना ४० होती. सरासरी चाल ५० नव्हे. जायला दोन तास, यायला तीन. २४० किलोमीटर पाच तासांत, म्हणजे ताशी ४८. आणि सरासरी वेग? शून्य, कारण गाडी निघाली तिथेच परत आली, विस्थापन शून्य.

३. मोठी वस्तू जास्त बल लावते?

मालट्रक आणि रिक्षा यांची धडक झाली तर ट्रकने रिक्षावर अधिक बल लावले, असे जवळजवळ प्रत्येकाला वाटते. तिसऱ्या नियमानुसार दोन्ही बले अगदी समान असतात. फरक पडतो तो परिणामात. ट्रक १०,००० किलोचा आणि रिक्षा ४०० किलोची धरली, तर त्याच बलाने रिक्षाला २५ पट त्वरण मिळते. नुकसान विषम दिसते म्हणून बलही विषम असावे, असा निष्कर्ष काढला जातो.

४. वळणावर बाहेर कोण ढकलते?

एसटी डावीकडे वळली की प्रवासी उजवीकडे कलंडतात. कोणीतरी बाहेर ढकलल्यासारखे वाटते. रस्त्यावर उभ्या माणसाच्या नजरेतून पाहिले तर प्रवासी सरळच जात असतो, त्याच्याखालून बस वळते. त्याला बसबरोबर वळवायला आतल्या बाजूने बल लागते. ते आसन, दांडा किंवा शेजारचा माणूस पुरवतो.

५. खरी गती आणि भासमान गती?

स्थानकात उभ्या लोकलमधून शेजारची लोकल सुटताना पाहिली की क्षणभर आपलीच गाडी सुटल्यासारखे वाटते. नावेतून जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, हा दाखला आर्यभटाने इ. स. ४९९ मधील 'आर्यभटीय'मध्ये ताऱ्यांच्या गतीसाठी वापरला होता. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील जयश्री रामदास, अरविंद कुमार आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात संदर्भचौकटीविषयीच्या विद्यार्थ्यांच्या समजुतींचा अभ्यास केला. एक गती 'खरी' आणि दुसरी 'भासमान' अशी विभागणी विद्यार्थी करतात, असे त्यात आढळले. भौतिकशास्त्रात प्रश्न वेगळा असतो : कोणाच्या सापेक्ष?

मग शिकवायचे कसे?

संकल्पना नव्याने, अधिक सोप्या शब्दांत समजावून सांगणे पुरत नाही. मुलांची पाटी कोरी नसते, तिच्यावर आधीच काहीतरी लिहिलेले असते. ते आधी बाहेर काढावे लागते. परिणामकारक ठरलेल्या बहुतेक पद्धतींचा क्रम सारखाच आहे : आधी भाकीत करायला लावायचे, मग चर्चा, मग प्रयोग.

मॅझूर यांनी विकसित केलेल्या 'पीअर इन्स्ट्रक्शन' पद्धतीत शिक्षक एक संकल्पनात्मक प्रश्न देतात. प्रत्येक जण आधी स्वतंत्रपणे उत्तर नोंदवतो. मग शेजारच्याला आपले उत्तर पटवून देतो आणि पुन्हा उत्तर नोंदवतो. नुकतेच ज्याला समजले आहे, त्याला आपण कुठे अडलो होतो ते आठवत असते. म्हणून त्याचे समजावणे अनेकदा शिक्षकापेक्षाही नेमके ठरते. यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. हात वर करून किंवा अ, ब, क, ड लिहिलेली चार कार्डे वापरूनही हे होते.

याचा उपयोग किती होतो? रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांच्या चाचण्यांचे निकाल एकत्र तपासले. सुरुवातीच्या चाचणीनंतर जेवढी सुधारणा शक्य होती, तिच्यापैकी पारंपरिक वर्गांनी सरासरी २३ टक्के साधली, तर विद्यार्थ्यांना सहभागी करून घेणाऱ्या वर्गांनी ४८ टक्के. म्हणजे दुपटीहून अधिक. तरीही निम्मी वाट उरतेच. ही संकल्पना एका तासिकेत बसत नाही, ती पुन:पुन्हा वेगवेगळ्या रूपांत समोर यावी लागते.

आलेखांसाठीही हाच मार्ग आहे. अंतर-काळ आलेखातील चढ पाहून 'गाडी डोंगर चढते आहे' असे वाचणारे विद्यार्थी कमी नाहीत. गती टिपणाऱ्या संवेदकापुढे स्वतः पुढे-मागे चालत गेले आणि समोर पडद्यावर आलेख उमटताना पाहिला, की थांबल्यावर रेघ आडवी होते आणि वेगात चालल्यावर अधिक तिरकी, हे वेगळे सांगावे लागत नाही.

घरी काय करून पाहता येईल?

• चालता चालता चेंडू सोडा : जमिनीवर खडूने वर्तुळ काढायचे. झपझप चालत जाऊन चेंडू नुसता सोडायचा, फेकायचा नाही, आणि तो वर्तुळात पाडायचा. हात वर्तुळाच्या बरोबर वर आल्यावर सोडला तर चेंडू पुढे पडतो, कारण चालण्याचा वेग त्याच्याकडेही असतो. कुठे सोडायचा, याचे भाकीत आधी वहीत लिहून ठेवावे.

• वही आणि कागद : कागद आणि वही वेगवेगळे सोडले तर कागद रेंगाळतो. वहीपेक्षा लहान कागद वहीच्या वर ठेवून दोन्ही एकत्र सोडले तर बरोबरच पडतात. मध्ये येत होती ती हवा. अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी २ ऑगस्ट १९७१ रोजी चंद्रावर हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडून हेच दाखवले होते.

• लिफ्टमध्ये मोबाइल : जर्मनीतील आखेन विद्यापीठाचे 'फायफॉक्स' हे मोफत अॅप फोनमधील संवेदकांची मोजमापे दाखवते. त्यात गुरुत्वासह त्वरण मोजण्याचा पर्याय निवडून फोन लिफ्टच्या फरशीवर आडवा ठेवायचा. लिफ्ट स्थिर असताना आकडा ९.८ च्या आसपास दिसतो. वर जायला निघताना तो किंचित वाढतो आणि थांबण्याआधी कमी होतो. खरी मेख मधल्या टप्प्यात आहे. लिफ्ट एकसमान वेगाने वर जात असताना आकडा पुन्हा ९.८ वर येतो, अगदी ती थांबलेली असावी तसा. एकसमान गती आणि स्थिर अवस्था यांत बलाच्या दृष्टीने फरक नाही, हा न्यूटनचा पहिला नियम इथे पडद्यावर दिसतो.

• संगणकावरचे प्रयोग : नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पात बल आणि गतीवरील मोफत सिम्युलेशन आहेत. प्रकल्पातील अनेक सिम्युलेशन मराठीतही आहेत. घर्षण शून्य करून वस्तू ढकलली तर काय होते, हे तिथे पाहता येते. प्रत्यक्षात असे उदाहरण हवे असेल तर ते अवकाशात आहे. ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघालेले 'व्हॉयेजर १' आजही सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने दूर जात आहे आणि त्यासाठी कोणतेही इंजिन त्याला ढकलत नाही.

गुण मिळत असतील तर एवढा खटाटोप कशासाठी?

एक कारण परीक्षेचेच आहे. जेईई, नीटसारख्या परीक्षांत ओळखीचे सूत्र ओळखीच्या जागी बसेलच असे नाही. कोणत्या वस्तूवर कोणती बले आहेत, हे चित्र चुकले की पुढची आकडेमोड कितीही सफाईदार असली तरी उत्तर चुकते. पुढे अभियांत्रिकीत यंत्रशास्त्र, संरचना, वाहने हे विषय याच पायावर उभे राहतात.

दुसरे कारण रस्त्यावरचे आहे. मोटारीच्या पुढच्या आसनावर बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या अनेकांना वाटते, की गरज पडली तर आपण त्याला घट्ट धरू. गाडी ताशी ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर वेगाने जात आहे. धडकेत ती सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, असे धरले तर त्वरण सुमारे १४० मीटर प्रति सेकंद वर्ग होते. १० किलोच्या बाळाला त्याच वेळात थांबवायला १,४०० न्यूटन बल लागेल. म्हणजे हातांवर क्षणात सुमारे १४० किलोचा भार. हे कोणत्याही आईवडिलांच्या हातांना शक्य नाही. गाडी थांबते, बाळ त्याच वेगाने पुढे जात राहते. सीटबेल्ट आणि लहान मुलांचे वेगळे आसन लागते ते यासाठी.

हे गणित नववीच्या धड्यातल्याच दोन नियमांचे आहे. त्यामुळे पुढच्या वेळी घरात कोणी 'गतीचे नियम' पाठ करत बसले असेल, तर नियम म्हणून दाखवायला सांगण्याऐवजी चेंडू वर फेकून 'आता याच्यावर कोणते बल आहे?' एवढेच विचारावे. चुकीचे उत्तर आले तर धडा तिथूनच सुरू करता येतो.